वडिलांची गाठ

१४ मार्चला गावाच्या वनसमितीच्या कार्यालयात एक लाख पंचेचाळीस हजार सातशे रुपये आले. जंगल पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या प्रवेश-शुल्कातला गावाचा वाटा. घरं बासष्ट, घरटी दोन हजार तीनशे पन्नास. अट एकच: ज्या घरातल्या माणसाने जंगलात फास लावला, त्या घराचा वाटा बंद. यादीवर सही करायची ती राखणदार पथकाच्या प्रमुखबाईंनी, संध्याकाळी पाचच्या आत.

नेमका त्याच सकाळी पाणवठ्याजवळ फास सापडला. तारेत हरणाचा पाय अडकला होता. पथकातल्या दोघांनी तो सोडवला, हरीण लंगडत झाडीत गेलं. बाईंनी तार हातात घेऊन गाठ पाहिली. दोन वेढे, मग एक उलटा, टोक आत दुमडलेलं. ही त्यांच्या वडिलांची गाठ. वडील गेल्यावर ती दोघांनाच येत होती, बाईंना आणि त्यांच्या धाकट्या भावाला.

"कोणाची म्हणायची?" पथकातल्या म्हाताऱ्या माग काढणाऱ्याने विचारलं.

"बघते," म्हणून बाईंनी तार खिशात घातली.

"एरवी गाठ बघून घर सांगता. आज चष्मा विसरलात वाटतं."

बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. पण कार्यालयात त्यांचं बूड खुर्चीला टेकेना. यादी उघडली, मिटली. तीनदा पाणी प्यायल्या. दर वेळी हात खिशात जाई आणि तार बोटांना टोचे. तीन वाजता त्या उठल्या आणि तडक भावाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

"ये ताई. बुटांचे नवे सोल टिकले का?"

बाईंनी तार स्टुलावर ठेवली. भाऊ पंक्चर काढत राहिला.

"तुझीच असेल," तो म्हणाला. "गाठ दोघांनाच येते."

"मी डावखुरी. माझा वेढा उलट्या बाजूने पडतो."

त्याने हातातली ट्यूब खाली ठेवली. "पोरीची फी थकली होती. एकदाच लावला."

"फास बांधला त्या झाडाच्या सालीवर तारेच्या चार खुणा आहेत."

"मग काय, सख्ख्या भावाचा वाटा कापणार?"

"म्हाताऱ्याला कळलंय. तो तोंड उघडणार नाही. पण उद्यापासून फास दिसला तरी मला दाखवणार नाही. आणि तो नाही म्हटल्यावर बाकीचे तरी कशाला दाखवतील?"

"काप मग. आणि आमच्या घराची वाट विसर."

पावणेपाचला बाईंनी यादीतलं एकेचाळिसावं, भावाचं घर खोडलं, पुढे 'फास, पाणवठा' असं लिहिलं आणि सही केली. म्हातारा दारातच उभा होता. बाईंनी त्याला आत बोलावलं, तार सोडली आणि गाठ पुन्हा सावकाश बांधून दाखवली, भावाच्या हाताने पडते तशी.

"आता तुम्हालाही ओळखता येईल," त्या म्हणाल्या.

म्हाताऱ्याने ती दोनदा बांधून पाहिली.

बाईंच्या बुटांच्या सोलचे एकशे ऐंशी रुपये मागच्या महिन्यात भावाने भरले होते. ते त्याला अजून द्यायचे आहेत.