शिळा मीडिया आणि उपाशी विषाणू

आमची विनोदिनी अन्न टाकत नाही. हा गुण म्हणायचा की खोड, यावर आमचं तीस वर्षांपासून भांडण चालू आहे. कालची पोळी आज कुस्करा होऊन माझ्याच ताटात येते, तो मी कसाबसा गिळतो. पण हाच हट्ट तिनं लॅबमध्ये नेला, अन् एका पोट्ट्याची दोन वर्षांची मेहनत पणाला लागली.

मी यशवंत. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी केली, आता गुढियारीत घरी बसलो आहे. विनोदिनी इथंच रायपुरात कोंबड्यांच्या रोगांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. अंड्यातल्या गर्भाच्या पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवायच्या, त्यांना मीडिया नावाचं गुलाबी पाणी पाजायचं, हे तिचं काम. त्या पेशींत पियुष नावाचा संशोधक एक हर्पीस विषाणू सोडतो. हा विषाणू घशात बसला की कोंबडी बिचारी मान वर करून श्वासासाठी तडफडते. बस्तरच्या एका पाल्याच्या अर्कानं तो मरतो का, ते पियुष पाहत होता.

त्या दिवशी विषाणू सोडलेल्या बारा बशा होत्या. सहा साध्या, सहांना अर्क. साध्यांना पाजून झालं अन् ताज्या मीडियाची बाटली संपली. फ्रिजमध्ये होळीच्या वेळची, काही महिने जुनी अर्धी बाटली पडली होती. "चांगली तं दिसते, फेकू काहून?" म्हणत हिनं अर्कवाल्या बशांना तीच पाजली.

तीन दिवसांनी साध्या बशांत विषाणूनं पेशींची चाळण केलेली, अन् अर्कवाल्या ठणठणीत! पियुष नाचायचाच बाकी होता. नागपूरच्या परिषदेत वाचायला पेपर लिहायला बसला.

इकडे जेवताना ही एकदम म्हणाली, "अहो, पेशी जिवंत आहेत, मंग विषाणूच काहून नाही वाढला? अर्कानं, का मी पाजलेल्या शिळ्या पाण्यानं?"

"मले काय विचारतेस? मी काय डॉक्टर आहो?"

"त्याले सोताची चूल नाही ना. सारं पेशीच्याच घरातून घेते. शिळ्या पाण्यात त्याच्या कामाचंच काही संपलं असंन तं?"

खोटं कशाला बोलू, मीही विचारात पडलो. फुकट खाणाऱ्याचे इतके नखरे!

दुसऱ्या दिवशी तिनं पेशींच्या शिल्लक राहिलेल्या नव्या बशा घेतल्या. अर्क कोणालाच नाही. अर्ध्यांना ताजं, अर्ध्यांना शिळं, विषाणू सगळ्यांना सारखा. तीन दिवसांनी पाहिलं तर शिळ्यात पेशी जगल्या, विषाणू जवळपास दिसलाच नाही. म्हणजे पाल्यानं काहीच केलं नव्हतं.

"गप बस ना," मी म्हणालो. "कोणाले समजून राहिलं?"

"त्या पाल्याच्या भरवशावर लोकाइच्या कोंबड्या मरतीन, त्याचं काय?"

तिनं पियुषला सगळं सांगितलं. "दीदी, अगले हफ्ते मेरा पेपर है!" एवढंच बोलून तो निघून गेला. दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी आला अन् विचारलं, "पुरानी बोतल में सबसे पहले क्या खराब होता है?"

"ग्लुटामिन, पेशीचं एक खाद्य. म्हणून तं नवी बाटली केली का ते ताजं टाकतो."

"तो वही डालो, दीदी. सिर्फ वही."

तिनं शिळ्या मीडियात तेवढंच टाकून विषाणू सोडलेल्या बशांना पाजलं; तीन दिवसांनी निकाल पाहायचा होता. ही सकाळी डबा विसरून गेली, म्हणून मी तो घेऊन लॅबच्या दारात पोचलो. पियुषनं मायक्रोस्कोपला डोळा लावला अन् ओरडलाच, "दीदी! आ गया! वायरस आ गया!" ज्याला मारायला दोन वर्षं घालवली, तोच परत आला म्हणून पोट्टा हसून राहिला होता. अर्काचा पेपर तर गेलाच होता, पण विषाणू कशावाचून उपाशी राहतो ते सापडलं होतं. पियुष वाकून तिच्या पाया पडला.

विनोदिनी स्टुलावर बसून रडायला लागली. अन् मी, तिला गप बस म्हणणारा, डबा धरून दारातच उभा राहिलो. आत जायची लाज वाटली.