बंद दारासमोरचे तीन मंगळवार

रजईचे दोन कोपरे खोळीत गेले होते आणि दोन बाहेर होते, तेवढ्यात फोन वाजला. थोरली खोळीत खांद्यापर्यंत शिरलेली, तिसरा कोपरा चिमटीत धरून.

"घे गं तो फोन," ती आतूनच ओरडली.

"तुझाच आहे," धाकटी म्हणाली. "हजेरीच्या ऑफिसातल्या बाई. मी काय, बिनपगारी ऑपरेटर!"

मंगळवार, दुपारचे तीन. थोरली सकाळपाळीला दवाखान्याच्या धुलाईघरात इस्त्री करते. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. दुपारी बहिणीच्या घरी परतली की पडेल ते काम, आणि उरलेल्या वेळात ती सोबतीण. शिक्षा पुरी व्हायच्या आधी चांगल्या वागणुकीवर ज्यांना बाहेर सोडतात त्यांनी दर आठवड्याला ऑफिसात हजेरी द्यायची असते. त्यांच्या जोडीला ऑफिस असं एक माणूस देतं, जे स्वतः आत राहून आलेलं असतं. कागदावर त्याला मार्गदर्शक म्हणतात. आतून आलेल्या बाया सोबतीण म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. थोरली सहा वर्षं आत होती. दिराने पुढं केलेल्या खोट्या कागदांवर तिने सह्या केल्या, घरचाच माणूस म्हणून न वाचता. दीर देश सोडून गेला, सह्या तेवढ्या मागं राहिल्या.

"तुमची शिंपीण आजही आलेली नाही," फोनवर बाई म्हणाल्या. "सलग तिसरा मंगळवार. नियम तुम्हाला माहीत आहे, तीन चुकल्या की परत आत. साडेपाचला माझा अहवाल कोर्टात जाईल."

थोरलीच्या हातातला कोपरा सुटला. "बाई, अहो ती येते की! दर मंगळवारी संध्याकाळी मला फोन करते, झालं म्हणून सांगते."

"वहीत एकही सही नाही. तिच्या पत्त्यावर दोन पत्रं गेली, दोन्ही परत आली. तुम्हाला कळवायचं मात्र राहिलं, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर हलवायच्या गडबडीत. कुठे आहे ती?"

कुठे आहे ते थोरलीला तरी कुठं ठाऊक होतं? तिने चप्पल पायात सरकवली.

"अर्धी खोळ तशीच टाकून निघालीस?" धाकटी म्हणाली. "जगाची सोबत करतेस, घरच्या रजईने काय घोडं मारलंय?"

"तिची चौदा महिने शिक्षा बाकी आहे गं," थोरली दारातून म्हणाली. "आणि पोरगी आठ वर्षांची."  धाकटीने छत्रीकडे हात केला. थोरलीने छत्री घेतली नाही.

शिंपिणीची हकिगत मोठी नव्हती. नवऱ्याने आणलेला चोरीचा माल तिने माळ्यावर ठेवू दिला. पोलीस आले तेव्हा नवरा पळाला आणि ती सापडली. तो अजून मोकळाच फिरतो आहे. पोरगी सासूपाशी. सासूने सुटल्या दिवशीच बजावलं होतं, "एकदा झालं ते झालं. पुन्हा आत गेलीस तर पोरीला तुझी सावली दिसू द्यायची नाही मी." येत्या रविवारी चार वर्षांनी मायलेकींची पहिली भेट ठरली होती. रविवार, अकरा वाजता, सासूच्या घरी, एक तास. शिंपिणीने ते थोरलीला इतक्या वेळा सांगितलं होतं की थोरलीलाही त्या तासाची ओढ लागून राहिली होती.

शिंपीण राहायची तिथली घरमालकीण जिन्यातच भेटली. अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून.

"मंगळवारी इथं शोधताय होय तिला? मंगळवार आला की बाईसाहेब आठलाच तयार. ड्रेसला कडक इस्त्री, केसांना पाणी. मी विचारलं, काय गं, कुणी पाहणारा येतोय की काय? तर नुसती मान खाली. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर येते, पाय ओढत."

"कुणी भेटायला येतं तिला?"

"माझ्या जिन्यात? पाय मोडीन."

खोली उघडून दाखवली. मशीनवर लहान फ्रॉक टाचण्यांनी अडकवलेला, पिवळा, एक बाही लावलेली, एक नुसती टाचलेली. माप अंदाजाने घेतलेलं असणार, चार वर्षांत पोरीचा खांदा केवढा झाला ते हिला कुठून कळावं? थोरली फ्रॉककडे बघत उभी राहिली. आठला कडक इस्त्री करून जाते, सहाला पाय ओढत येते. नवऱ्याकडेच जात असणार. दुसरं कोण? इतकं तोंडावर खोटं बोलली माझ्याशी. ताई ताई करून.

ऑफिसकडे जाणाऱ्या बसमध्ये तिला बसवेना. खांबाला धरून ती मनात देवाशी भांडत होती. थोरलीचं देवाशी बोलणं आतल्या दिवसांपासूनचं. तिथे दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं. "तूच दिलीस ना ही मला? मग निदान हिला अक्कल द्यायची होतीस. आणि नसेल द्यायची तर त्या बाईंना दया दे. दोन्हीतलं एक तरी दे."

ऑफिसच्या इमारतीत शिरल्यावर तिचे पाय आपोआप मागच्या बोळाकडे वळले. ती स्वतः दोन वर्षं तिथेच हजेरी देत होती. तळमजला, डावीकडे वळायचं, पाण्याच्या पिंपापुढे हिरवं दार आणि दारासमोर बाक.

बाकावर शिंपीण बसली होती.

पाठ ताठ, पाय जुळवलेले, दोन्ही पंजे गुडघ्यांवर उताणे. आत मोजणीच्या वेळी बसायचं असतं तशी. दाराला बाहेरून कुलूप. कुलपावर धूळ.

"तू इथं काय करतेस?" थोरलीच्या तोंडून एवढंच निघालं.

"हजेरीला आलेय, ताई." शिंपीण उठली नाही. "तुम्ही कशा आज? साहेबांनी बोलावलं?"

"किती वाजल्यापासून बसलीस?"

"साडेआठ."

"आणि मागच्या मंगळवारी? त्याच्या मागच्या?"

"दर वेळी साडेआठच. उशीर नको म्हणून." आता ती घाबरली. "काही चुकलं का?"

"अगं, कुलूप आहे दाराला! डोळे फुटले होते का? ऑफिस वर गेलंय, तिसऱ्या मजल्यावर! विचारायचं नाही कुणाला? वाजवायचं नाही दार?"

शिंपिणीने दाराकडे बघितलं, मग थोरलीकडे. "तुम्हीच म्हणालात ना. बाकावर बस, हाक मारतील तेव्हाच आत जा, दाराला हात लावू नकोस. मी बसले. संध्याकाळी वॉचमन म्हणाला, चला, बंद झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी नाव काढलं नाही. म्हटलं, मोजलं असणार. म्हणून तुम्हाला फोन केला, झालं म्हणून."

थोरली तिच्याशेजारी बाकावर बसली. 

हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. आत रोज तीन वेळा मोजतात. आपण नीट बसायचं, वर बघायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. मोजणीत चूक निघाली की ओरडा होतो. ओरडा झाला नाही म्हणजे आपण मोजले गेलो, दिवस पार पडला. दार आपण उघडायचं ही गोष्टच डोक्यातून पुसली जाते. थोरली सुटून आली तेव्हा महिनाभर धाकटीच्या मोरीच्या दाराशी उभी राहायची, कुणी "जा" म्हणेपर्यंत. धाकटी आधी हसली, मग रडली, मग रोज सकाळी मोठ्याने म्हणू लागली, "जा गं, मोरी मोकळी आहे."

म्हणून तर पहिल्या हजेरीला सोबतिणीने स्वतः बरोबर जायचं असतं. दारापर्यंत नाही, दाराच्या आतपर्यंत. त्या मंगळवारी धुलाईघरातलं मोठं यंत्र बिघडलं होतं, चारशे चादरी हातानं करायच्या होत्या, मुकादम सोडेना. थोरलीने फोनवर सांगितलं, बाकावर बस, हाक मारतील. तिच्या वेळी तसंच होतं, साहेब दारातून हाक मारायचे. आणि 'पहिल्या भेटीस सोबत उपस्थित होते' या कागदावर तिने आदल्याच आठवड्यात, ऑफिस खाली असतानाच, सही करून ठेवली होती. टेबलावरचा कारकून म्हणाला होता, सगळ्याजणी आधीच करतात, पुन्हा खेप नको.

न वाचता नाही. या वेळी वाचून केली होती.

"ऊठ," ती म्हणाली. "चल वर."

"हाक?"

"मी मारतेय ना हाक. ऊठ."

तिसऱ्या मजल्यावर नव्या रंगाचा वास होता. बाई तरुण, दमलेल्या, समोर थंड झालेला चहा. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस. थोरलीने सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मग चष्मा काढून डोळे चोळले.

"ताई, मी नवीन आहे, पण बाळबोध नाही. तीन मंगळवार, दिवसभर, कुलूप लावलेल्या दारासमोर? कोर्टात हसतील मला."

"हसू देत. खरं आहे."

"वॉचमन?"

"तो परवाच काम सोडून गावी गेला म्हणे," शिंपीण हळूच म्हणाली. बाईंनी विचारल्याशिवाय बोलल्याबद्दल तिने लगेच मान खाली घातली.

"आणि हा कागद?" बाईंनी फाइलमधून सहीचा कागद काढला. "तुम्ही पहिल्या भेटीला हिच्यासोबत होता म्हणून लिहून दिलंय. तुम्ही सोबत असाल तर ही चुकीच्या दाराशी बसेल कशी? तुमचाच कागद हिला खोटं पाडतोय."

 थोरलीला उत्तर ठाऊक होतं, आणि ते दिलं की काय होईल तेही. सोबतीण म्हणून नाव जाईल. खोट्या कागदांवरच्या सह्यांपायी एकदा सहा वर्षं भोगलेल्या बाईची पुन्हा खोटी सही. कोण म्हणेल, चुकून झालं? दवाखान्यातही हे पोचेल. आणि शिंपिणीनंतर ज्या दोघीजणी तिच्या नावावर लागायच्या होत्या, त्या कुणा दुसरीकडे जातील, किंवा कुणाहीकडे नाही. तिने मनात देवाला विचारलं. 

"मी नव्हते," ती म्हणाली. "सही आधी केली होती. कागद द्या, लिहून देते."

"विचार करा. हे मला पुढे पाठवावं लागेल."

"विचार केला की लिहायचं राहील, बाई. द्या."

तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं, इस्त्रीने पोळलेल्या बोटात पेन नीट बसत नाही. खाली सही केली आणि या वेळी तारीखही स्वतःच्या हाताने घातली.

बाईंनी दोनदा वाचलं. "अहवाल थांबवता येणार नाही, तो गेलाच आहे असं धरा. हे मी त्याला जोडते. उद्या अकराला सुनावणी. पण ताई, हा तुमचा शब्द आहे, आणि तुमचा शब्द..." त्या थांबल्या. "हिला तिथे बसलेलं बघणारं दुसरं कुणी हवं. ऑफिसचं, नाहीतर इमारतीचं. नसेल तर उद्या हिने कपड्यांची पिशवी घेऊनच यावं."

 फाटकाबाहेर आल्यावर शिंपीण म्हणाली, "ताई, बाही राहिलीय एक. आज बसून लावली तर तुम्ही नेऊन द्याल रविवारी? मी नसले तरी?"

"मूर्खासारखं बोलू नकोस." थोरली म्हणाली. "आठव. तीन मंगळवारांत कुणी तरी बोललं असेल तुझ्याशी. कुणीही."

"नाही हो. तिथे कोण येतंय." मग तिला आठवलं. "एक बाई फरशी पुसायला यायची, चार वाजता. हातात हिरव्या बांगड्या. म्हणायची, पाय वर कर. मी करायचे. दुसऱ्या वेळी म्हणाली, पुन्हा तूच का, तुला घरदार नाही का? आणि तिसऱ्या वेळी, म्हणजे आज, काहीच म्हणाली नाही. मीच आपले पाय उचलले."

थोरलीने तिचे दोन्ही हात धरले. थंडगार होते ते, दिवसभर उताणे ठेवलेले. "नाव?"

"कसं विचारणार?"

अर्थात. कसं विचारणार.

थोरली परत फाटकाशी गेली. नवा वॉचमन साखळी लावत होता. फरशी पुसणारीचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. "कंत्राटावरची आहे, बाई. रोज सकाळी सहाला मागच्या फाटकाने येते, आधी वरचे मजले, तळमजला दुपारी. बोलेल की नाही सांगता येत नाही. कोर्ट म्हटलं की त्या बाया दुसऱ्या दिवसापासून कामावरच येत नाहीत."

बसमध्ये शिंपिणीचा डोळा लागला, डोकं थोरलीच्या खांद्यावर. तिला तिच्या जिन्यापाशी सोडून, घरमालकिणीला "आज हिला काही बोलू नका" म्हणून सांगून थोरली घरी आली. पलंगावर रजई तशीच होती, दोन कोपरे आत, दोन बाहेर. धाकटीने हात लावला नव्हता.

"तुझं काम म्हणून ठेवलंय," धाकटी म्हणाली. मग तिच्या तोंडाकडे बघून, "काय झालं गं?"

"उद्या सांगते. मुकादमाला फोन कर, म्हणावं उद्या येत नाही. मला साडेचारला उठव."

सकाळी सहाला ऑफिसच्या मागच्या फाटकाशी जाऊन फरशी पुसणाऱ्या बाईला गाठायचं होतं.