सुंठीची डबी, हिंगाची डबी

जऊळक्याच्या स्टेशनवर अकोल्याकडची गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात भावाने बॅगा आत ढकलल्या, आमचे हे चढले, मी चढले, आणि रडायचं राहूनच गेलं. माय खिडकीशी आली ती थर्मास घेऊन. "गरम हाये तवरच पिजो," एवढं म्हणाली. गाडी हलल्यावर मात्र चार पावलं सोबत चालत ओरडली, "डब्ब्या सारख्याच हायेत वो! वास घेऊन पाह्यजो!" मुलगी सातासमुद्रापार चालली आणि आईचं शेवटचं वाक्य काय, तर बॅगेतल्या सुंठीच्या नि हिंगाच्या डब्यांबद्दल. खरं सांगते, मला राग आला होता.

थर्मासात काढा होता. मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाला म्हणाला, पिऊन टाका नाहीतर ओतून टाका. मागे रांग खोळंबलेली. अर्धा घशाखाली घातला, जीभ पोळली, उरलेला ओतून दिला. मायला फोनवर सांगितलं, सगळा प्यायले. बारा वर्षं झाली, ते खोटं अजून तसंच आहे.

जे गावातच राहिले त्यांना त्या काढ्याचं काय कौतुक सांगू? तुम्ही तो पीतच मोठे झालात. कापूस वेचून दिवेलागणीला बाया परतल्या की आमच्या ओट्यावर टेकायच्या आणि माय चुलीवर पातेलं चढवायची. गूळ, सुंठ, मिरे, लवंग, दालचिनी आणि माळ्यावर वाळवलेली संत्र्याची साल. पहिला ग्लास देवापुढे. म्हणून ती कधी चाखायची नाही. "उष्टं देवाले देते का कोनी?" वाफेवर वाकायची, डोळे मिटायची आणि एका क्षणी म्हणायची, "झालं." मिरे किती, सुंठ किती, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "वास आला का थांबाव." मी ह्यालाच वैतागायचे. आणि आता मीही तशीच करते, काय करणार.

इथे जे माझ्यासारखे आलेत, त्यांना इथली थंडी सांगायला नको. मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. पहाटे अंधारात निघायचं, अंधारात परतायचं, पायात दोन-दोन मोजे आणि तरी बोटं बधीर. ह्यांची शिफ्ट उलटी. आम्ही नवरा-बायको आठवड्यातून एक दिवस एकमेकांना धड बघतो. तो माझा सायडरचा दिवस.

सायडर म्हणजे इथे सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ, तपकिरी रस. थंडी सुरू झाली की बागेतून कॅनच्या कॅन विकायला येतात. लोक तो मसाले घालून गरम करून पितात. पहिल्यांदा मायला सांगितलं तेव्हा तिने दबक्या आवाजात विचारलं, "दारू त नाई ना वो?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग सफरचंदाचा काढाच हाये तो. त्याचं काय येवढं!" बरोबरच होतं तिचं. मी मंद आचेवर रस ठेवते, खळखळ उकळू देत नाही, दालचिनीचा तुकडा, लवंगा, संत्र्याची साल आणि मायच्या डबीतली सुंठ घालते. चाखत मात्र नाही. फ्रिजच्या वर छोटा देव्हारा आहे, पहिला ग्लास तिथे.

ह्या न चाखण्याने पहिल्याच वर्षी माझी फजिती केली. कामावर सगळ्यांनी घरून काहीतरी आणायचं होतं. मी ऐटीत पातेलंभर सायडर केला. मला सर्दी झालेली, नाक चोंदलेलं, डब्या दोन्ही सारख्या. सुंठ समजून मी दोन चमचे हिंग घातला! कामावर झाकण उघडलं आणि सगळ्या बाया नाकाला हात लावून मागे सरकल्या. मलाच कळेना, झालं काय. तिथले एक म्हातारे आजोबा तेवढे ग्लासभर प्यायले आणि म्हणाले, पोटाला बरं वाटलं. मायला सांगितलं तेव्हा ती खोकला येईपर्यंत हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "शोभे, नाक नसन त मानसानं चुलीजवळ जाऊ नये."

गेल्या हिवाळ्यात वहिनीचा फोन आला, तीही हसत होती. "ऐका त वन्सं, मायनं काढ्यात हिंग टाकला! बाया बिचाऱ्या गुमान प्यायल्या. उजेड नोता म्हने." मीही हसले. फोन ठेवला आणि सोफ्यावर बसूनच राहिले. ओट्यावर उजेड नव्हता हे कबूल, पण मायला डबी ओळखायला उजेड कधीपासून लागायला लागला?

दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना फोन केला आणि सरळ विचारलं. आधी झटकलं. "काई नाई, वय झालं." मग म्हणाली, "पावसाळ्यात ताप आलता ना, तवापासून कशाचाच वास नाई येत वो. फोडनीचा नाई, फुलाचा नाई. कोनाले सांगू नको."

"काहून? डॉक्टरले दाखवू ना."

"दाखवलं. येईन म्हने हळूहळू. पन कोनाले सांगू नको, शोभे. सांगशीन त मले चुलीजवळ बसू देनार नाईत."

तिचंच वाक्य होतं ते, माझ्या फजितीवर हसून झाल्यावर मला सांगितलेलं. आमची माय शाळेत गेली नाही, बाजारात कधी फसली नाही, आणि साऱ्या गल्लीत तिचा मान कशाचा, तर त्या पातेल्याचा. ते गेलं तर ती नुसती कोपऱ्यात बसलेली म्हातारी. मला तिकडे असायला हवं होतं. रजा मागितली तर म्हणाले, उन्हाळ्यात बघू. बारा वर्षं मी हेच करतेय, उन्हाळ्यात बघतेय. थकले मी ह्याला.

त्या वर्षी तिने पुन्हा काढा केलाच नाही. गुडघे दुखतात, असं बायांना सांगितलं.

ह्या थंडीत मीच म्हटलं, माय, हिंगाच्या डबीला दोरा बांध. फणकारली, "मले आता दोरे बांधायले शिकव!" आणि फोन कट. पण पुढच्या रविवारी व्हिडिओ लावला तर डबीच्या गळ्यात लाल दोरा होता. फोन डब्याला टेकवून तिने पातेलं चढवलं. मी इकडे माझं. माझी सकाळ, बाहेर गुडघाभर बर्फ. तिची दिवेलागण. वहिनी अजून शेतातून यायची होती. सायडर बाजूला ठेवला आणि तिच्यासारखाच पाणी-गुळाचा काढा ठेवला, तिच्या चिमटीकडे बघत तेवढंच टाकत गेले.

वाफ निघाली. ती सवयीने वाकली, डोळे मिटले, आणि उघडले.

"कसा वास येऊन राह्यला, सांग मले."

मी वाकले. सुंठ पुढे येतेय, लवंग मागे आहे, साल अजून कच्ची, असं सांगायला लागले.

"थांब मंग जराशीक." दोघी थांबलो. दोन्हीकडे पातेली रटरटत होती. "आता सांग. अलग अलग नको. सारं मिळून कसा येते?"

ह्याला काय शब्द असतात? जे आलं ते बोलले. "माय, हिवाळ्यात मी तुह्या मांडीवर निजायची ना, तवा तुह्या लुगड्याले यायचा, तसा."

तिने पदराचं टोक नाकाशी नेलं, जरा वेळ धरलं आणि सोडून दिलं.

"मंग झालं," म्हणाली. "उतरव." आणि तिचंही पातेलं उतरवलं.

ग्लास देवापुढे ठेवून होतात न होतात तोच बाया ओट्यावर आल्या, वहिनी आली. मी फोनमध्ये गुपचूप. पहिल्याच घोटाला वहिनी म्हणाली, "बाप्पा! माय, आज त पयल्यासारखा जमला!"

"नाई जमाले काय झालं? नाक हाये मले," माय म्हणाली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून फोनकडे पाहिलं.

घर कुठे म्हणून इथे कोणी विचारलं की पूर्वी मी नकाशात जऊळका शोधून दाखवायचे. आता नाही दाखवत. दर रविवारी सकाळी मी इथून वास सांगितल्याशिवाय जिथलं पातेलं उतरत नाही, तिथे माझं घर आहे.