रद्द होणारा पासपोर्ट

निघायच्या दिवशी सकाळी मुलाचा पासपोर्ट सापडेना. गाडी दारात उभी, विमान मुंबईहून, आणि कसाऱ्याच्या घाटात एखादा ट्रक आडवा झाला की संपलंच सगळं. मुलगा बॅगा उपसत होता, मी सोफ्याच्या उशा उलट्यापालट्या करत होते.

हा त्याचा शेवटचा भारतीय पासपोर्ट. परत गेला की तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक होणार. हे त्याने आल्या आल्याच, चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं होतं. "आई, काही फरक पडत नाही गं. कार्ड मिळतं, केव्हाही येता येतं." आपल्याच घरी यायला कार्ड! जळलं मेलं ते कार्ड, असं अगदी ओठांवर आलं होतं. उद्या आम्हा दोघांपैकी कुणाला काही झालं, तर हा मुलगा म्हणून धावत येणार की पाहुणा म्हणून? त्या दिवसापासून माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आणि आमचे हे? ऐकलं आणि पेपर उचलून वाचायला लागले. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये पासपोर्ट छापण्यात यांची सगळी नोकरी गेली. मुलाने तो सोडणं यांनाच जास्त लागलं असणार, त्यामुळे माझा संशय सरळ यांच्यावरच गेला. हे पूजेला बसले होते, बाहेरचा गोंधळ यांच्या गावीही नव्हता. जवळ जाऊन विचारलं, "तुम्ही तर लपवला नाही ना? देवासमोर आहात, खरं सांगा."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. उठून कपाटाचं कुलूप काढलं. "रात्री टेबलावर उघडा पडला होता. असा टाकतात का? आत ठेवला." प्रेसची सवय ती. तिथे एक कागद कमी भरला तरी कुणाला घरी सोडत नसत.

मुलगा भडकला. "पप्पा, जीव गेला होता माझा! इतकं जपायला काय आहे त्यात? आता रद्दच होणार आहे तो." बोलून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला.

हे कव्हरवरून अंगठा फिरवत राहिले. "रद्द झाल्यावर परत देतात ना तुला?"

"हो. शिक्का मारून."

"मग मला पाठव. गेटवर झडती देऊन देऊन जन्म गेला माझा. इतके छापले, घरी कधी चिटोराही आणला नाही. हा एक राहू दे घरात."

"पाठवतो," मुलगा मान खाली घालून म्हणाला.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. बापलेकांचं ठरूनसुद्धा गेलं! "काही पाठवायचं नाही," मी ओरडलेच. "स्वतः घेऊन ये. आधी तोंड दाखव, मग ठेव बापाच्या हातात."

मुलगा "हो" म्हणाला. कधी, ते विचारायचा धीर मला झाला नाही.