"मंग त्यांना जमीन भेटली का?"

गेल्या रविवारी टोकावड्याच्या पुढे एका पाड्यावर कादंबरी वाचून दाखवायला गेले होते. अख्खा पाडा येऊ घातलेल्या धरणात जाणार आहे...

मी शहापूरला कॉलेजात मराठी शिकवते, थोडंफार लिहिते. लिहावंसं वाटलं तेच मुळी या कादंबरीमुळे. धरणात गेलेल्या एका गावाची गोष्ट, माझ्या जन्माच्याही आधीची.

पाड्यावरची वनिता माझी जुनी विद्यार्थिनी. तिचाच फोन आला, "मॅडम, वर्गात वाचायचात ना, ती कादंबरी आमच्या लोकांना वाचून दाखवा."

देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. आधी कुजबुज, मोबाईल, पोरांची रडारड... पण गावकरी स्वतःच्या हातांनी घरांची कौलं उतरवतात, ते प्रकरण आलं आणि मोबाईल खिशात गेले. एका बाईने तोंडाला पदर लावला.

वनिताचे आजोबा, बुधाजीबाबा, पुढेच बसले होते. त्यांनी विचारलं, "मंग त्यांना जमीन भेटली का?"

शेवट मला पाठ आहे. "नाही, बाबा."

"कवाचा हाय ह्या पुस्तक?"

"माझे वडील तरुण होते तेव्हाचं."

"म्हंजे तवापासून सगल्यांना ठावं हाय," ते शांतपणे म्हणाले. "तरी पन धरण आमच्याकडं आलाच."

मी पुस्तक मिटलं. या कादंबरीने माणसं हलवली, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलेय...

निघताना बाबा बांधापर्यंत आले. म्हणाले, "तुमी लिवता ना? मंग आमच्या भाताच्या खाचरांची नावं लिवा. सरकारच्या कागदावर निस्ते नंबर हायेत."

आणि हात करून दाखवत गेले. उंबराचं खाचर. सासूचा तुकडा. आणि खालच्या अंगाची रडकी... तिच्यात कायम पाणी पाझरतं म्हणून.

तेव्हापासून लिहायला बसतेय, जमत नाही. हाताखाली त्या कादंबरीचीच वाक्यं येतात. नावं मात्र आज इथे लिहून ठेवली. एवढ्या विश्वासाने सांगितलीत, बाबा, तुमची ऋणी आहे.

यंदाचं भात रडकीत उभं आहे. पुढच्या वर्षीचं पाड्यावर कुणी बोलत नाही.