शेळीच्या कानावरची खूण

आम्ही पक्की शाकाहारी माणसं त्या शनिवारी शारजाच्या गुरांच्या बाजारात काय करत होतो, हे मला आजही कुणाला धड सांगता येत नाही. नवरा तर केकसुद्धा आधी वास घेऊन खातो. तरी सकाळी साडेआठला आम्ही दोघं नाकाला रुमाल लावून शेळ्यांची तोंडं बघत हिंडत होतो. कारण एकच, नवऱ्याची भीड. कुणी काही मागितलं की याच्या तोंडून 'नाही' निघतच नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून निघालेलं नाही.

शारजातच, अल मजाजला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक ग्रीक इंजिनिअर राहतो. जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, पन्नाशी उलटलेला, एकटा. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन करायला म्हणून त्यानं आईला इकडे आणलं. ऑपरेशन झालं, गुडघा बरा झाला, आजी राहिल्या. आम्ही त्यांना आजीच म्हणतो. त्यांना ग्रीकशिवाय कुठलीही भाषा येत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. माझ्याशी त्या तासन्‌तास ग्रीक बोलतात, मी मराठीत उत्तरं देते. आमचं कधी बिनसलेलं नाही.

त्यांच्या गावाची माहिती आम्हाला मिळाली ती मुलगा भाषांतर करायचा तेव्हा. एवढंसं बेट, त्याच्या डोंगरावर चाळीस-पन्नास घरं. पुरुष सगळे जहाजांवर. बायका घर, शेत आणि गाढव सांभाळणार. घर आईकडून थोरल्या मुलीला जातं, मुलांना नाही. लग्न झालं की नवराच बायकोच्या घरी राहायला येतो. हे ऐकून मी नवऱ्याकडे बघितलं, तर हा चहात बिस्कीट बुडवत होता.

बापाकडून मुलाला काय मिळतं? तर शेळ्या, आणि शेळ्यांच्या कानावरची खूण. शेळ्या वर्षभर डोंगरावर मोकाट असतात, कुणी राखत नाही. मग कुठली कुणाची हे कळणार कसं? तर प्रत्येक घराचा कान कापायचा एक प्रकार ठरलेला. आजींच्या सासरचा असा, की उजव्या कानाचं टोक सरळ उडवायचं आणि डाव्या कानाच्या कडेला एक त्रिकोणी खाच. आपण दुधाच्या पिशवीचा कोपरा कापतो ना, तेवढी. ही खूण पणजोबापासून चालत आलेली. ती दिसली की शेळी कुणाच्याही डोंगरावर असो, कुणाच्याही गोठ्यात असो, ती त्या घरचीच. ज्याला सापडेल त्यानं मुकाट्यानं आणून द्यायची.

"आपल्या भांड्यांवर नाव घालतात तसं," नवरा म्हणाला. मला एकदम पटलं. माझ्या सासूबाईंनी पुण्यात एका बारशाला शेजारणीच्या हातातली पळी उलटी करून नाव वाचलं होतं आणि पळी पर्समध्ये घालून घरी आणली होती. आमटी वाढणं चालू असताना.

आता मुद्द्याचं. आजींच्या शेळ्या उरल्याच नव्हत्या.

आजी इकडे आल्या त्याच वर्षी गावातला पुतण्या शहरात निघून गेला. शेळ्यांकडे बघणार कोण? आमच्या या शेजाऱ्यानं पुतण्याला फोनवरच 'विकून टाक' म्हणून सांगितलं. सगळ्या गेल्या. आईला सांगायचं राहिलं. आधी ऑपरेशन होऊ दे, मग टाके निघू देत, मग हिवाळा जाऊ दे. आणि आजी रोज विचारणार, शेळ्या कशा आहेत? हा म्हणणार, छान आहेत. किती व्याल्या? पाच. पुढच्या आठवड्यात त्या पाचांचं कसं चाललंय? हा विसरलेला असायचा. तेव्हा या गृहस्थानं ऑफिसच्या लॅपटॉपवर चक्क एक शीट बनवलं. शेळीचा नंबर, रंग, शिंगं, स्वभाव, कितव्यांदा व्याली. इंजिनिअर माणूस, नसलेल्या शेळ्यांचंसुद्धा काम चोख.

हे आम्हाला कळलं ते शेळ्या फार झाल्या तेव्हा. तो नवऱ्याकडे सल्ला मागायला आला. नवऱ्यानं शीट बघून सांगितलं की या वेगानं दोन वर्षांत बेटावर माणसाला पाय ठेवायला जागा राहणार नाही, थोड्या कमी करा. मग दोघांनी आमच्या डायनिंग टेबलावर बसून शेळ्यांमध्ये साथ आणली. एकवीस मेल्या. आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. समोरून रडण्याचा आवाज यायचा आणि नवरा आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढवायचा. मी दोघांनाही खूप बोलले. पण खोटं कशाला सांगू, नंतर आजींना बरं वाटावं म्हणून जी दोन जुळी करडं जन्माला घातली, त्यांचे रंग मी सुचवले होते. एक तपकिरी, एक पांढरं, कपाळावर टिळा असलेलं.

आणि आता आजींना परत जायचं होतं. ईस्टर झाला की मला घरी सोड, म्हणून त्यांनी धोशा लावला होता. बॅग भरून दाराशी ठेवली होती. करडांसाठी घंटा घेतल्या होत्या, तिकडे चांगल्या मिळत नाहीत म्हणे. म्हणजे आता सांगणं भागच होतं. शेजारी म्हणायचा, ईस्टर होऊ दे, मग सांगतो. मी म्हटलं, अरे बाबा, ती डोंगरावर जाऊन हाका मारेल तेव्हा कोण सांगणार?

ईस्टरला त्यांच्या गावात करडाच्या पोटात भात भरून ते रात्रभर भट्टीत ठेवतात. करडू आजी स्वतः बघून घेणार, सुपरमार्केटमधलं पाकीट चालणार नाही. म्हणून गाडी आमची, कारण मोठी. आणि मी कशाला, तर तिथले व्यापारी हिंदी बोलतात आणि शेजाऱ्याची हिंदी 'अच्छा'च्या पुढे सरकलेली नाही. नवरा वाटभर सीटला प्लॅस्टिक लावल्याची खात्री करत होता. मधेच म्हणाला, भात तेवढा आपल्याला वेगळा काढून ठेवतील का?

बाजारात आजींना वय राहिलं नाही. काठी माझ्या हातात देऊन त्या गोठ्यामागून गोठे पालथे घालत होत्या. दात बघ, पाठ दाब, पोटाखाली हात घाल. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, आणि इथे तर खाण्याच्या आधीच नावं ठेवणं चाललं होतं. एका दाढीवाल्या पठाणाच्या गोठ्याशी त्या थांबल्या. बाहेर एक काळी शेळी बांधलेली होती. आजींनी तिचा उजवा कान हातात घेतला. मग डावा घेतला. मग परत उजवा.

मी वाकून बघितलं. उजव्याचं टोक उडवलेलं, डाव्याला खाच.

आजींनी शेळीचं दावं सोडलं आणि चालायला लागल्या. अगदी शांतपणे, सासूबाईंनी पळी उचलली होती तशा.

पठाण आडवा आला. आठशे दिरहॅम म्हणाला. "म्हणजे अठरा हजारांच्या वर," नवरा पुटपुटला, त्याला कुठेही राहवत नाही. मी पठाणाला समजावलं की अम्मा म्हणतात शेळी त्यांची आहे. मग वाद सुरू झाला, आणि तो असा चालला: पठाण मला हिंदीत सांगणार, मी शेजाऱ्याला इंग्लिशमध्ये, तो आईला ग्रीकमध्ये, आणि तसंच सगळं उलट. एक वाक्य जाऊन यायला पाच मिनिटं. शेळी मधे उभी राहून माझी ओढणी खात होती.

पठाण म्हणाला, माल सोमालियाचा आहे, जहाजातून आलाय. आजींचं उत्तर आलं, जहाजातूनच येणार, बेटावरून काय चालत येईल? पठाण म्हणाला, कान माझ्याच माणसानं कापलेत, दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून. आजींचं उत्तर, चोर नेहमी असंच म्हणतो. शेजारी घामाघूम. त्यानं आईच्या डोळ्यांआड पठाणाच्या हातात नोटा कोंबायचा प्रयत्न केला, तर आजींनी त्याच्या हातावर चापट मारली. आपली शेळी कुणी विकत घेतं का?

शेवटी पठाण वैतागला. हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं त्याला मराठीत म्हणता आलं नसतं, पण केलं त्यानं तेच. मागच्या गोठ्याचं दार धाडकन उघडलं आणि म्हणाला, "देखो, पूरा माल यही है."

आत चाळीस तरी शेळ्या होत्या. काळ्या, पांढऱ्या, तपकिरी. सगळ्यांचे उजवे कान सरळ कापलेले आणि डाव्यांना खाच.

आजी दारातच थांबल्या. पठाणाला वाटलं की वाद मिटला. माझ्या लक्षात आलं की आजींनी काय बघितलं. एक शेळी हरवते, चुकते, कुणी चोरतं. चाळीस कोणी चोरत नाही. चाळीस विकलेल्या असतात.

त्या मुलाकडे वळल्या आणि काहीतरी विचारलं. त्यानं भाषांतर केलं नाही, पण एवढं ग्रीक तोवर मलाही यायला लागलं होतं. सगळ्या?

आता तुम्हीच सांगा, या माणसानं काय म्हणावं? या शेळ्या आपल्या नाहीत, हे अगदी खरं होतं. खरं बोलून सुटायची इतकी सोपी संधी तीन वर्षांत आली नव्हती. पण त्याचं तोंड उघडेचना. खाई त्याला खवखवे. त्याला कळत नव्हतं की आई या शेळ्यांबद्दल विचारतेय की गावाकडच्या.

आजींनी त्याची वाट बघितली नाही. त्या गोठ्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, हनुवटी वर केली आणि हाक मारली. आधी जिभेनं टकटक, मग एक लांबलचक आवाज, वर चढत जाणारा. डोंगराच्या एका बाजूनं मारली की दुसऱ्या बाजूच्या शेळ्या धावत येत असणार, अशी. बाजार थांबला. गाडीतून गवत उतरवणारे लोक थांबले. पलीकडच्या पिकअपमध्ये बसवलेल्या उंटानं मान वळवून बघितलं. आजींनी दुसऱ्यांदा हाक मारली. मग तिसऱ्यांदा, आणि तेव्हा आवाज फाटला.

शेळ्या गवत चघळत होत्या. एकीनंही मान वर केली नाही.

आणि आजी हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पठाणाच्या खांद्यावर थोपटलं, त्याची माफी मागितली असावी. मुलाला म्हणाल्या, आणि त्यानं आम्हाला सांगितलं, की आपल्या नाहीत या. आपल्या असत्या तर पहिल्या हाकेला अंगावर आल्या असत्या. आपल्या घरी आहेत. मला माफ कर, मी तुझ्यावर संशय घेतला.

"सुंठीवाचून खोकला गेला," नवरा माझ्या कानात म्हणाला. मलाही सुटल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी इतकी लाज वाटली की त्या तपकिरी करडाचा आणि टिळेवाल्या पांढऱ्याचा मला तिथल्या तिथे गळा घोटावासा वाटला. आजींनी पदर खोचावा तसा स्कर्ट सारखा केला आणि पठाणाशी नव्यानं भाव करायला बसल्या. बाहेरच्या त्या काळ्या शेळीचं दावं अजून त्यांच्या हातात होतं.

शेजारी हलला नाही. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, चल, मिटलं. तो आईपाशी गेला, उकिडवा बसला आणि एक लहानसं वाक्य बोलला. मग सकाळपासूनच्या सवयीनं आमच्याकडे वळून इंग्लिशमध्येही सांगून मोकळा झाला, "मी तिला सांगितलं, आपल्याही विकल्या. तीन वर्षं झाली."

आजींचा हात शेळीच्या कानावर होता, तो तिथेच राहिला. बराच वेळ त्या कान चोळत राहिल्या. मग त्याच्याकडे न बघता काहीतरी म्हणाल्या.

ते त्याला विचारलं होतं. पण तो पुन्हा आमच्याकडेच वळला, उत्तर आमच्यापैकी कुणीतरी द्यायचंय असा, आणि त्यानं भाषांतर केलं.

"ती विचारतेय, मग मला हाका कशाला मारू दिल्यास?"

पठाणानं मला विचारलं, "बहनजी, अम्मा क्या बोली?"

मी त्याला हिंदीत सांगितलं. त्यानं हातातलं गवत खाली ठेवलं आणि तोही आजींच्या बाजूला उभा राहून शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला.