आईचं चित्र

मेणखडूंच्या वासानं मला दिग्रसची आमची वस्ती आठवते. त्या वर्षी कापूस कमी पिकला होता, म्हणून कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये आईला आठवड्यातून दोनच दिवस काम मिळायचं. आम्हा मुलांना चित्रं शिकवायला शहरातून एक बाई वस्तीतल्या समाजमंदिरात यायच्या. "फुकट रंग कायले देते ते बाई?" आई रोज विचारायची. एकदा बाईंनी आपापल्या घराचं चित्र काढायला सांगितलं, हे कळताच आई तडक समाजमंदिरात आली. "पोरीकडून घरातलं काहून काढून घेता?" बाईंनी माझा कागद तिच्या हाती दिला. भिंतीला टेकून बसलेली आई मी काढली होती. चित्र पाहून तिनं विचारलं, "मी इतकी थकेल दिसतो?" मग कागदाची घडी करून म्हणाली, "हे कोणाले दाखवाचं नाही." आता मीही चित्रकला शिकवते, पण मुलांना विचारल्याशिवाय त्यांचं चित्र भिंतीवर लावत नाही.